नकारामागचा प्रश्न

लहान व्यवसाय चालविणाऱ्या माणसाच्या मनात दोन आवाजांचा संवाद अखंड सुरू असतो. एक म्हणतो, 'नवे करून पाहू, जमेल.' दुसरा बजावतो, 'चालले आहे ते बरे आहे. उगाच विषाची परीक्षा कशाला?' पहिल्या आवाजाचा आशावाद म्हणून गौरव करायचा आणि दुसऱ्याची जुनाटपणा म्हणून हेटाळणी करायची, अशी प्रथाच पडून गेली आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र हे दोन्ही आवाज एकमेकांचे ऐकू लागतात, तेव्हाच धंदा पाय रोवतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बेळगावात घडलेली एक हकिकत या दृष्टीने पुन्हा आठवण्याजोगी आहे.

लोखंडाचा नांगर आणि शेतकऱ्याची शंका

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 सालचा. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तेथे उघड झाले. त्यांनी रंगांचा हट्ट सोडला, रेषा मात्र सोडली नाही. यांत्रिक रेखांकन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. पुढे नोकरीत बढती डावलली गेल्यावर त्यांनी तिला रामराम ठोकला आणि ते बेळगावच्या व्यवसायात उतरले. तेथे कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली आणि त्यानंतर आला लोखंडी नांगर.

लाकडी नांगर जमीन केवळ उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलथवून टाकतो. वस्तू चांगली होती, कारागिरीही उत्तम होती. तरीही पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. लोखंडाच्या स्पर्शाने काळी आई विषारी होते, पीक येत नाही, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता.

हा समज अर्थातच चुकीचा होता. पण शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून पाहिले तर त्यामागची काळजी खोटी ठरत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, सुगीला, धान्यात दिला जाई. लोखंडी नांगरासाठी मात्र रोख रक्कम मोजावी लागणार होती. तो ओढण्यासाठी अधिक बैल लागणार होते. फाळ झिजला तर नवा कोठून आणायचा, हा प्रश्न वेगळाच. शिवाय प्रयोग फसला तर एखादी वस्तू वाया जाऊन भागणार नव्हते, सारा हंगाम हातचा जाणार होता. जिभेवर आलेली हरकत लोखंडाची होती, मनातली धास्ती हंगामाची होती.

त्या दोन वर्षांत शेतकऱ्यांना अडाणी ठरवून गाशा गुंडाळणे सोपे होते. किर्लोस्करांनी तसे केले नाही. हळूहळू विश्वास बसला, नांगर शेतात उतरला आणि एकाच्या शेताने दुसऱ्याला जे सांगितले, ते कोणत्याही जाहिरातीला सांगता आले नसते. पुढे बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्थानकाजवळचे माळरान कारखान्यासाठी देऊ केले. त्यांच्या साहाय्याने 10,000 रुपयांचे कर्ज उभे राहिले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. 1920 मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली.

विरोधाने दाखविलेली वाट

नव्याला होणारा विरोध शेतापुरताच मर्यादित नसतो. बँकांच्या यांत्रिकीकरणासंबंधी डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी 1984 आणि 1989 मध्ये अहवाल दिले. त्या काळात संगणकाला कर्मचारी संघटनांचा कडवा विरोध होता. 'यंत्र आले की माणसाचे काय?' हा त्यामागचा रास्त प्रश्न होता. वाटाघाटी झाल्या, करार झाले, प्रशिक्षण झाले, तेव्हा कोठे संगणक बँकांच्या टेबलांवर स्थिरावला. आज त्याच्यावाचून शाखेचे दार उघडण्याची कल्पनाही करवत नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण भाजीबाजारातले आहे. यूपीआय ही प्रणाली 2016 मध्ये सुरू झाली. मोबाइलवरून पैसे घेण्यास अनेक विक्रेते प्रारंभी कचरत होते. हात मातीने भरलेले, समोर गिऱ्हाइकांची गर्दी. अशा वेळी पैसे खरोखर जमा झाले की नाही, हे पाहायचे कोणी? त्यांच्या या अडचणीतूनच जमा रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या साउंडबॉक्सची उपयुक्तता सिद्ध झाली. विक्रेत्याच्या नकारातच सुधारणेची दिशा दडलेली होती.

उमेदीला हिशेबाची जोड

नवी कल्पना राबविताना, नाही म्हणणाऱ्याला प्रथम एवढेच विचारावे : 'हे फसले तर आपले काय जाईल?' ग्राहक, जुना कारागीर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले वडील यांच्या उत्तरात पुष्कळदा असा तपशील सापडतो, जो उत्साहाच्या भरात प्रकल्प अहवालातून निसटलेला असतो.

दुसरी गोष्ट पैशाची. नव्या यंत्राची खरेदी खेळत्या भांडवलातून करणे ही लहान व्यवसायांत वारंवार दिसणारी चूक आहे. माल खरेदी, मजुरी आणि उधारी यांसाठी ठेवलेला पैसा यंत्रात अडकला की, चांगला चाललेला मूळ धंदाही कोलमडू लागतो. यंत्रासाठी मुदत कर्ज घ्यावे आणि कॅश क्रेडिट दैनंदिन व्यवहारासाठीच राखावे. सूक्ष्म व लघु उद्योगांना तारणाविना कर्ज मिळावे यासाठी 2000 मध्ये सुरू झालेली पतहमी योजना आणि 2015 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री मुद्रा योजना यांची माहिती शाखेत अवश्य घ्यावी.

कर्ज मिळाले तरी गिऱ्हाइकाचा विश्वास बसण्यास लागणारा काळ चुकत नाही आणि हप्ता त्या काळाची वाट पाहत थांबत नाही. म्हणून परतफेड कधी सुरू व्हावी, याची चर्चा अर्ज करतानाच करावी. विक्री अपेक्षेपेक्षा उशिरा सुरू झाली तर किती महिने तग धरता येईल, हा आकडा प्रत्येक व्यावसायिकाने कागदावर मांडलेला असावा. हाच त्याच्या आशावादाचा खरा ताळेबंद होय.

राहतो तो शेवटचा विवेक : कोणत्या नकारापुढे थांबावे आणि कोणत्या नकारापुढे टिकून राहावे? लक्ष्मणरावांच्या चरित्रात दोन्ही प्रसंग आहेत. डोळ्यांनी रंगांना नकार दिला. तो वस्तुस्थितीचा नकार होता आणि त्यांनी तो स्वीकारला. शेतकऱ्यांनी नांगराला नकार दिला. तो भीतीचा नकार होता, त्याला अनुभवाने उत्तर देता येण्यासारखे होते, आणि त्यासाठी ते दोन वर्षे थांबले. हा फरक ज्याला उमगतो, त्याच्या उमेदीवर घरच्यांनी, ग्राहकांनी आणि बँकेनेही विश्वास टाकण्यास हरकत नाही.