न खाजणारा चट्टा

मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस. तरी आज कातडीवरच्या चट्ट्याविषयी बोलणार आहे. कारण असा चट्टा डॉक्टरच्या आधी आईला नाहीतर मास्तरांना दिसतो.

चट्टे नाना तऱ्हेचे. नायटा खाजतो. शिब्याचा कोंडा निघतो. कोड दुधासारखे पांढरे. कुष्ठरोगाचा चट्टा मात्र फिकट किंवा तांबूस. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि फसगत होते ती तिथेच! माझ्या एका विद्यार्थ्याच्या कोपराजवळ असा चट्टा होता. वर्षभर तो त्यावर नायट्याचे मलम चोळीत होता. पुढे करंगळीला चटका बसून फोड आला, तरी त्याला पत्ता नाही.

पारख सोपी आहे. मुलाला एकीकडे घ्या. वर्गासमोर मुळीच नको. कापसाची बारीक वात चांगल्या कातडीला लावून दाखवा. मग डोळे मिटायला सांगून, "कुठे लागलं? बोट ठेव बरं," म्हणा. चट्ट्यावर तो चुकला की त्याला सरकारी दवाखान्यात न्या. नस जाड झाली का, हे तिथले डॉक्टर चाचपून पाहतील.

दुसरी तऱ्हा अधिक लबाड. तिच्यात चट्टे पुष्कळदा बधिर नसतातच. कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, नाक सदा चोंदलेले. नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरातूनच जंतू बाहेर पडतात. अशा वेळी कानाची पाळी चिमटीत धरून बारीक छेद घेतात, रस काचेवर पसरून रंगवतात. सूक्ष्मदर्शकातून तांबड्या काड्या दिसतात, तेच जंतू. पण काचेवर ते न दिसले म्हणजे रोग नाही, असे समजू नका. बधिर चट्ट्याच्या रोग्यात ते बहुधा सापडत नाहीत. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली हा जंतू पाहिला, पण प्रयोगशाळेच्या बशीत तो आजवर कोणाला वाढवता आलेला नाही. अंगात शिरून पाच पाच वर्षे तो गप्प बसतो, कधी वीसदेखील.

मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली काम मांडले, तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. तीन औषधांचा एकत्र उपचार १९८१ पासून आला. २००५ च्या अखेरीस देशातले प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली गेले, आणि माझ्या मते आपण विसरलो ते तेव्हापासून! चंद्रपूर-गडचिरोलीकडे नवे रोगी त्यानंतरही निघतच राहिले.

औषध फुकट मिळते. सहा महिने, नाहीतर बारा. पहिल्या काही मात्रांतच संसर्ग थांबतो, तेव्हा मुलाची शाळा सोडवू नका. माझा तो विद्यार्थी बरा झाला. करंगळी मात्र अजून वाकडीच आहे.