ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचें तेल केव्हां बदलावें?

बैलाच्या खुराची पत्री झिजली कीं तो लंगडूं लागतो व धन्यास तत्काळ कळतें. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचें तसें नाहीं. तो बहुधा मुकाट्यानें झिजत असतो, आणि आवाज करूं लागतो तेव्हां नुकसान होऊन चुकलेलें असतें.

याविषयीं स्वतःचाच अनुभव सांगतों. मीं महसूल खात्यांत कारकुनी करून दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी वर्षानुवर्षें ठेविल्या. परंतु घरच्या ट्रॅक्टरच्या तेलाची एक ओळही लिहून ठेविली नाहीं. तेल कमी दिसलें कीं वरून भर घालावी, एवढेंच मला ठाऊक. पुढें ऐन ऊसवाहतुकींत गिअर अडखळूं लागले व एके दिवशीं बेअरिंग फुटलें. मिस्त्रीनें पेटी उघडली तों आंत तेल ताकासारखें पांढुरकें झालेलें! सतरा दिवस ट्रॅक्टर उभा राहिला आणि आमचा ऊस भाड्याच्या वाहनानें कारखान्यास धाडावा लागला.

आतां हें तेल खराब कां होतें तें पाहूं. बहुतेक ट्रॅक्टरांत एकच तेल गिअरचे दांते वंगणतें, हायड्रॉलिक लिफ्ट उचलतें आणि तेलांत बुडालेले ब्रेक असल्यास त्यांनाही थंड ठेवतें. उष्णतेनें त्याचा कस जातो. दांत्यांच्या झिजेची धातूची बारीक पूड त्यांत मिसळते. शिवाय तापलेली पेटी रात्रीं थंड झाली म्हणजे बाहेरची दमट हवा आंत ओढली जाते. नदीनाल्यांतून जातांना, किंवा गिअरच्या दांड्याखालील रबर फाटलें असल्यास धुतांनाही, पाणी आंत शिरतें. वरून भर घातल्यानें यांपैकीं कांहींच बाहेर जात नाहीं. सबब भर घालणें म्हणजे तेल बदलणें नव्हे.

मुदत कॅलेंडरावरून नव्हे, तर तासांच्या मीटरवरून मोजावी. कित्येक ट्रॅक्टरांस ती सुमारें 1000 तासांची असते; कांहींस कमी, कांहींस अधिक. कांहीं नव्या ट्रॅक्टरांचें पहिलें तेल बरेंच आधीं बदलावें लागतें. याकरितां आपल्या ट्रॅक्टरबरोबर मिळालेलें पुस्तक हेंच प्रमाण मानावें. रोज 5 तासांप्रमाणें वर्षांतून 200 दिवस काम करणाऱ्याचे 1000 तास एका वर्षांत भरतात. केवळ स्वतःच्या रानापुरता 250 तास चालविणाऱ्यास चार वर्षें लागतात. मात्र पुस्तकांत तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा दिली असल्यास जी आधीं संपेल ती धरावी. चिखलांत किंवा पाण्यांत फार काम झालें असल्यास मुदतीची वाट पाहूं नये.

डिपस्टिक दर आठवड्यास, ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून, पाहावी. तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी आहे असें समजून तें लागलींच बदलावें, व पाणी कोठून आलें तें शोधावें. करपट वास, काळेपणा किंवा चकाकणारे कण दिसल्यास मिस्त्रीस दाखवावें.

तेल काम संपल्यावर, कोमट असतांना काढावें, म्हणजे गाळही त्याबरोबर निघतो. फिल्टर बदलावा अगर जाळी धुवावी. तेलांत बुडालेले ब्रेक असणाऱ्या ट्रॅक्टरास त्यासाठींच केलेलें तेल लागतें. स्वस्त पडतें म्हणून भलतेंच जाड तेल घातल्यास ब्रेक करकरतात. काढलेलें तेल विहिरीकांठीं, पाटांत किंवा गोदावरींत ओतूं नये. तें डब्यांत भरून जुनें तेल रीतसर घेणाऱ्यास द्यावें.

कित्येक ट्रॅक्टरांस एका वेळीं 30 लिटरांहून अधिक तेल लागतें. तो खर्च पाहून ‘पुढल्या हंगामांत पाहूं’ असें मन म्हणतें. माझेंही तसेंच म्हणत असे. परंतु ऐन तोडणींत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टराचा खर्च त्याहून जबर असतो. म्हणून प्रत्येक शेतकरी बंधूनें एक लहानशी वही करून तींत तारीख, मीटरवरचे तास, तेलाचें नांव व लिटर असे चार रकाने आंखावे. दप्तरांत सारा जन्म घालविलेल्या माणसास ही अक्कल फार उशिरां आली. वाचकांस ती वेळींच यावी, एवढ्याकरितांच हा लेख लिहिला आहे.