युद्धविरोध म्हणजे देशद्रोह नव्हे

जबलपूरच्या गढा भागातल्या वैद्यकीय महाविद्यालयाला सुभाषचंद्र बोस यांचं नाव आहे. जवळच्याच त्रिपुरीत मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा बोस अध्यक्ष होते आणि युद्ध दाराशी आलं होतं. त्यानंतरच्या युद्धविरोधाबद्दल आजही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : ब्रिटिशांनी भारतीयांना सक्तीने सैन्यात भरलं.
वस्तुस्थिती : दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक होते आणि त्यांची भरती ऐच्छिक होती. पोटासाठी भरती झालेलेही त्यांत पुष्कळ होते. लष्करी सेवेची सक्ती करणारा १९४० चा कायदा भारतातल्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांसाठी होता. सक्ती झाली ती वेगळ्या अर्थाने : ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. निषेध म्हणून काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं पायउतार झाली. जबलपूर, नागपूर आणि वर्धा ज्यात येत, त्या मध्य प्रांत-वऱ्हाडचं मंत्रिमंडळही त्यांत होतं.

गैरसमज : १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह म्हणजे मोर्चे आणि जाळपोळ.
वस्तुस्थिती : गांधीजी स्वतः सत्याग्रही निवडत. सत्याग्रही अधिकाऱ्यांना आधी कळवून एकट्याने युद्धाविरुद्ध बोलत. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार इथे विनोबा भावे यांनी सुरुवात केली. पुढच्या काही महिन्यांत २० हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले.

गैरसमज : युद्धाला विरोध म्हणजे हिटलरला साथ.
वस्तुस्थिती : काँग्रेसने नाझीवादाचा स्पष्ट निषेध केला होता. तिचा प्रश्न सरळ होता : लोकशाहीसाठी लढायचं, तर भारताला लोकशाही कधी?

गैरसमज : सगळे नेते युद्धविरोधी होते.
वस्तुस्थिती : पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, खुद्द गांधीजी गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरले होते. दुसऱ्या महायुद्धात डॉ. आंबेडकर आणि सावरकर यांनी सैन्यभरतीला पाठिंबा दिला; १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. बोसांचा विरोध ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धाला होता, शस्त्रांना नव्हता. पुढे त्यांनी आझाद हिंद सेनेचं नेतृत्व केलं.

गैरसमज : जबलपूरच्या जवानांनी युद्धावर जायला नकार दिला.
वस्तुस्थिती : १९४६ च्या फेब्रुवारीअखेरीस इथल्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातले जवान बराकींबाहेर पडले, तेव्हा युद्ध संपलेलं होतं. पगार, जेवण आणि गोऱ्यांच्या तुलनेत मिळणारी वागणूक यांचा राग साचला होता. त्यात आझाद हिंद सैनिकांवरचे खटले आणि बंड केलेल्या नौसैनिकांवरचा गोळीबार यांची भर पडली.

या सगळ्या विरोधाचा गाभा संमतीचा होता. ज्यांचे प्राण आणि पैसा युद्धात जाणार, त्यांना विचारलंच पाहिजे. हा आग्रह धरणाऱ्यांनी सैनिकांचा अपमान केला नाही. सैनिकही नागरिक आहे, हेच त्यांनी ठणकावून सांगितलं. युद्धाच्या बाजूने बोलण्याइतकाच युद्धाविरुद्ध बोलण्याचा हक्क लोकशाहीत मोलाचा आहे आणि तो तुरुंगवास सोसून मिळवलेला आहे.