हृदयाच्या पाठीशी, पण हृदयात नाही

शिरांतून अशुद्ध रक्त वाहतं, अपवाद फुप्फुसशिरांचा, हे आपण शाळेत शिकलो. या चार शिरा ऑक्सिजन घेतलेलं रक्त हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात आणतात. दहा-पंधरा हजार बाळांमागे एखाद्या बाळात मात्र चारींपैकी एकही तिथे पोचत नाही. डॉक्टर याला ‘टीएपीव्हीसी’ म्हणतात.

हा गोंधळ होतो गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत. फुप्फुसं फुटतात अन्ननलिकेच्या मूळ नळीतून, त्यामुळे त्यांचं रक्त आधी शरीराच्या इतर शिरांतच उतरतं. मग हृदयाकडून एक शीर मागे वाढत येते, फुप्फुसांच्या शिरांना मिळते आणि जुन्या वाटा मिटतात. ती शीर पोचलीच नाही, तर जुनी वाट तशीच वाहती राहते.

पोटात असताना याने काहीच बिघडत नाही. ऑक्सिजन वारेतून मिळत असतो. खरी कसोटी जन्मानंतर. आता शुद्ध-अशुद्ध सगळं रक्त उजव्या बाजूला येतं. डावीकडे जायला एकच मार्ग उरतो : वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र. ‘हृदयाला छिद्र आहे’ हे ऐकून आईबाप हादरतात, पण हे बाळ त्या छिद्रावरच जगतं!

सर्वांत बिकट प्रकारात शिरांचं रक्त खाली उतरतं. अन्ननलिकेच्या कडेने श्वासपटल ओलांडून थेट यकृताकडे. गर्भात यकृताला वळसा घालणारी एक आडवाट असते. जन्मानंतर ती निसर्गनियमाने बंद होते आणि या बाळाचं रक्त मागे तुंबतं. फुप्फुसं पाण्याने जड होतात, बाळ निळं पडतं. एक्स-रेत हृदय लहानच दिसतं, फुप्फुसं धूसर. म्हणून न्यूमोनियाची शंका येते. टू-डी एको केला की खरं कारण कळतं, आणि मग ऑपरेशनला थांबता येत नाही.

मला सर्वांत थक्क करतं ते हे, की वाट चुकलेल्या या शिरा बहुतेकदा डाव्या कप्प्याच्या अगदी मागेच एकत्र आलेल्या असतात. 1951 मध्ये लॉस एंजेलिसला सर्जन विल्यम मुलर यांनी हार्ट-लंग मशीनशिवाय अशा शिरांची डाव्या कप्प्याशी जोडणी करून दाखवली. आज सर्जन दोन्हींना समोरासमोर छेद देऊन केसासारख्या बारीक धाग्याने शिवतात. ते तोंड बाळाबरोबर वाढावं लागतं. काहींत ते पुन्हा आवळतं, म्हणून पुढचे अनेक महिने एको करत राहावे लागतात.