विल्कोवे : उपसलेल्या गाळावरचे शहर

दहा देशांतून वाहत आलेली डॅन्यूब नदी काळ्या समुद्राला मिळण्याआधी फाटे फोडते. त्यांतल्या उत्तरेकडच्या किलिया फाट्यावर, युक्रेनच्या नैऋत्य टोकाला विल्कोवे आहे. पर्यटनाच्या जाहिरातींत त्याला हटकून ‘युक्रेनचे व्हेनिस’ म्हणतात. ही उपाधी फारशी मनावर घेऊ नये. व्हेनिसला संगमरवरी महाल आहेत. इथे आहे तो चिखल, आणि शहराची सगळी गंमत त्या चिखलातच आहे.

सतराव्या शतकात मॉस्कोचा धर्मप्रमुख निकॉन याने रशियन चर्चचे विधी बदलले. क्रुसाची खूण दोन बोटांनी करायची की तीन, इथपर्यंत वाद गेला आणि जुने विधी न सोडणाऱ्यांच्या मागे सरकार हात धुऊन लागले. त्यांतल्या लिपोव्हन लोकांनी पुढे या दलदलीचा आसरा घेतला. तेव्हा इथे ऑटोमन सुलतानाची सत्ता होती आणि एवढ्या चिखलात पाठलाग करायला कोण येणार? १७४६ हे शहराच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. जुन्या पंथाची चर्च आजही इथे नांदती आहेत.

राहायला कोरडी जमीन नव्हती, म्हणून त्यांनी ती तयार केली. चर खणायचा, निघालेला गाळ शेजारी टाकायचा आणि उंचवटा झाला की त्यावर बोरू-मातीचे घर बांधायचे. या चरांना इथे ‘येरिक’ म्हणतात. जुन्या वस्तीत तेच रस्ते. त्यांच्या कडेने फळ्यांची अरुंद पायवाट, पलीकडे जायला साकव आणि दारात डांबर फासलेली काळी होडी. नदी मात्र गाळ आणायची थांबत नाही. उपसा चुकला की येरिक बुजतो आणि होडी दारातच अडकते. म्हणून घरची माणसे तो गाळ काढून परसात पसरतात. कोकणातल्या खाजणशेतीवाल्याला हा उद्योग नवा वाटणार नाही. त्या काळ्या मातीत स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे जोमाने येतात. ‘नोवाक’ ही गडद लाल वाइन घरोघरी गाळली जाते.

वसंतात डॅन्यूबची हेरिंग समुद्रातून नदीत चढते. हलके मीठ लावलेली ही मासळी, म्हणजे ‘दुनाइका’, हा इथल्या ताटाचा मान. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे शहर रोमानियात होते आणि इथल्या कॅव्हिअरचा मोठा लौकिक होता. ते ज्या स्टर्जन माशाचे, तो आता दुर्मीळ झाला असून त्याच्या मासेमारीवर बंदी आहे.

शहराबाहेर बोरूचे रान सुरू होते. १९९८ पासून हा भाग डॅन्यूब जीवावरण राखीव क्षेत्र आहे. पांढरे पेलिकन, त्यांचे कुरळ्या तुऱ्याचे डाल्मेशियन भाऊबंद, चकचकीत अवाक, बुटके पाणकावळे, शिवाय उन्हाळ्यात डासांची फौज. जवळच्या येर्माकोव्ह बेटावर २०१९ मध्ये पाणम्हशी मुद्दाम सोडण्यात आल्या. त्यांनी बोरू चरावा, तुडवावा आणि पाण्याला वाट मोकळी करून द्यावी, हा हेतू. म्हशीकडून इतके शास्त्रीय काम आपल्याकडे कुणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

सगळेच खोदकाम इतके निरुपद्रवी नसते. २००४ मध्ये युक्रेनने राखीव क्षेत्रातल्या बिस्त्रे मुखातून जहाजांसाठी खोल मार्ग काढायला घेतला, तेव्हा रोमानिया आणि पर्यावरणवाद्यांनी मोठा आक्षेप घेतला. २०२२ मध्ये रशियाने काळ्या समुद्राची नाकेबंदी केली आणि त्याच मुखातून धान्याची जहाजे ये-जा करू लागली.

युद्धापूर्वी होड्या पर्यटकांना नदीच्या ‘शून्य किलोमीटर’च्या खुणेपर्यंत नेत. सध्या परदेशी पाहुण्याने तिकडे जाणे शहाणपणाचे नाही. त्रिभुज प्रदेश पाहायचाच असेल, तर रोमानियातले तुल्चा गाठावे. तिथून होड्या सुटतात आणि तिकडचा भाग १९९१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पेलिकन तिथेही भरपूर, आणि डासही.