बंदिस्त समुद्राचा ताळेबंद

भाईंदरजवळच्या चौक गावच्या किनाऱ्यासमोर पसरलेला अरबी समुद्र आपल्या अगणित जलचरांची विष्ठा भरती-ओहोटीच्या येरझारांत सहज जिरवून टाकतो. परंतु हाच समुद्र काचेच्या पेटीत कोंडला, म्हणजे निसर्गाचे ते दप्तर मनुष्याला स्वतः सांभाळावे लागते. मुंबईस १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयापासून घरगुती पेटीपर्यंत हिशेब एकच आहे. माशांच्या उत्सर्जनातून व उरल्यासुरल्या अन्नातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे काही जीवाणू नायट्राइटमध्ये, आणि दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सच्छिद्र दगडांवर व गाळणीत या जीवाणूंची वसाहत स्थिरावण्यास सामान्यतः ४ ते ६ आठवडे लागत असल्याने, तत्पूर्वी मासे भरणे म्हणजे वसुलीआधीच खर्च मंजूर करणे होय. म्हणून अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची खातरजमा करून मासे एक-दोन या बेतानेच सोडावेत. साठत जाणारे नायट्रेट थोडे थोडे पाणी नियमितपणे बदलून काढावे. आणि बाष्पीभवनाची तूट मात्र गोड्या पाण्यानेच भरावी, कारण पाणी उडाले तरी मीठ मागेच उरते, हे भाईंदरच्या मिठागरांनी आपल्याला केव्हाच शिकविले आहे.