बेळगोळमधून जाताना वेग किती?

म्हैसूरला जाऊन आलेल्या बहुतेक मराठी माणसांनी बेळगोळ पाहिलेलं असतं, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. सहलीचा क्रम ठरलेला. सकाळी चामुंडी टेकडी, दुपारी राजवाडा, मग रेशमी साड्यांच्या दुकानात हमखास लांबलेला मुक्काम आणि संध्याकाळी कृष्णराजसागर धरणाखालच्या वृंदावन बागेतली रंगीत कारंजी. साड्यांत गेलेला वेळ भरून काढला जातो तो केआरएस रोडवर. ‘दादा, जरा दाबा की,’ असं मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं आणि दादा दाबतात. धरणाच्या अलीकडे बेळगोळ लागतं. खिडकीतून चार दुकानं दिसतात, बसची वाट पाहणारी माणसं दिसतात, आणि गाव मागे पडतं.

बेळगोळ कागदोपत्री मंड्या जिल्ह्यात, श्रीरंगपट्टण तालुक्यात. रोजच्या व्यवहारानं मात्र ते म्हैसूरचंच. इथल्या पंपिंग केंद्रातून कावेरीचं पाणी म्हैसूरच्या नळांना जातं. मंड्या नॅशनल पेपर मिल इथलीच; ती बंद पडली, पण औद्योगिक वसाहत आहे. आजूबाजूला ऊस आणि भात. त्यामुळे पाळी संपवून निघालेले कामगार, शेतावरून परतणारी माणसं, शाळा सुटलेली मुलं आणि कारंज्यांची वेळ गाठायला निघालेल्या गाड्या एकाच रस्त्यावर एकाच सुमारास येतात. शहर संपलं असं चालकाला वाटतं, तिथंच दुसऱ्या कुणाचं तरी घर सुरू झालेलं असतं. शहराच्या वेशीवरचे रस्ते जीवघेणे ठरतात ते बहुतेक याच गोंधळामुळे. हडपसर ओलांडून सोलापूरकडे निघालेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

अशा रस्त्यावर तिन्हीसांजेला पलीकडे जाणाऱ्या बाईकडे नीट पाहावं. डोक्यावर भारा असेल तर तिला मान वळवून पाहता येत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. अर्धा रस्ता ती पार करते आणि मधल्या पांढऱ्या रेषेवर अडकते. समोरच्या बसला ओव्हरटेक करणारी गाडी तिच्याच बाजूनं येते. उजेडात येणाऱ्या गाडीचा आकार कसा वाढत जातो, यावरून तिच्या वेगाचा थोडा तरी अंदाज येतो. अंधारात उरतात ते फक्त दोन दिवे. ते चाळीसनं येताहेत की ऐंशीनं, हे रस्त्याच्या कडेला उभं राहून सांगणं जवळजवळ अशक्य असतं. माणूस गाडीचं अंतर पाहून पाऊल टाकतो आणि वेगाला फसतो.

आता गाडीच्या आत बसून हिशेब करू. रस्ता कोरडा, टायर चांगले, आणि समोर कुणी दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत गेलेला वेळ एक सेकंद. ताशी ४० किलोमीटर वेगानं येणारी गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. त्यातले ११ मीटर ब्रेक लागायच्या आधीच गेलेले असतात. ताशी ६० वेगाच्या गाडीला थांबायला ३७ मीटर लागतात. एवढ्यावर फरक सतरा मीटरांचा वाटतो. खरी गोम पुढे आहे. चाळीसची गाडी जिथं पूर्ण थांबली, त्याच जागी साठची गाडी अजून ताशी ५५च्या आसपास असते, कारण तिचे पहिले सतरा मीटर नुसते भानावर येण्यात गेले आणि ब्रेक लागून जेमतेम तीनेक मीटर झाले. म्हणजे पहिल्या चालकाला घाम फुटतो आणि तो शिव्या देत पुढे जातो. दुसऱ्याच्या हातून माणूस जातो. दोघांची नजर सारखी, सावधपणा सारखा, ब्रेकही सारखेच. हातात मोबाइल असेल किंवा डोळ्यांवर झोप असेल, तर तो एक सेकंद दोनाचा होतो आणि चाळीसची गाडीही त्या जागी थांबत नाही.

बेदरकार चालकाबद्दल आपण पोटतिडकीनं बोलतो आणि ते योग्यच आहे. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. अल्पवयीन चालकाला निबंध लिहायला सांगितल्याचं ऐकून शहर पेटून उठलं. ३१ मे २०२५ला सदाशिव पेठेत भावे हायस्कूलजवळ चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांवर गाडी चढली. अशा घटनांत खलनायक समोर दिसतो, त्यामुळे राग काढायला जागा मिळते. पण आपल्या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांचा मोठा हिस्सा कुठल्याच बातमीत येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. त्यांना धडकलेले सगळेच चालक काही दारू प्यायलेले किंवा माजलेले नव्हते.

वेगाची परवानगी मुळात कायद्यानंच दिली आहे, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. एप्रिल २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे आणि दुचाकीची ६०. राज्यांना, स्थानिक अधिकाऱ्यांना ती कमी करता येते. पण जिथं तसा फलक लागला नाही, तिथं दुकानांच्या दारावरून पासष्टनं जाणारा माणूस मर्यादेच्या आतच असतो. जगात पायी वर्दळीच्या भागात ताशी ३०ची मर्यादा असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वेग आवरला तर काय होतं, याचं उदाहरण बेळगोळपासून थोड्याच अंतरावर आहे. १२ मार्च २०२३ला पंतप्रधानांनी बेंगळुरू-म्हैसूर महामार्गाचं उद्घाटन केलं. सुमारे ११९ किलोमीटर, बिडदी, रामनगर, मद्दूर, मंड्या, श्रीरंगपट्टण अशी गावं टाळून जाणारा. तीन तासांचा प्रवास सव्वा तासात, ही त्याची जाहिरात. त्या वर्षी मे आणि जूनमध्ये या रस्त्यावर महिन्याला पंचवीसहून अधिक मृत्यू झाले. मग वाहतूक विभागाचे अतिरिक्त पोलीस महासंचालक आलोक कुमार यांनी पाहणी केली आणि जुलैत पोलीस वेग मोजणाऱ्या रडार गन घेऊन उभे राहिले. शंभरच्या वर गेलेल्याला दंड. त्या महिन्यात मृत्यूंचा आकडा दहाच्या आत आला. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मुख्य मार्गिकांवर बंदी आली ती १ ऑगस्टपासून, म्हणजे नंतर. एका महिन्याच्या आकड्यावर फार मोठा मनोरा रचू नये हे खरं. पण पुढे कॅमेरे बसले आणि २०२३मध्ये दीडशेच्या वर असलेले मृत्यू २०२४मध्ये निम्म्याहून खाली आले. एका वर्षात चालकांचे संस्कार बदलले नसणार. पकडले जाऊ, ही खात्री तेवढी वाढली.

या महामार्गाची दुसरी बाजू मात्र गावकऱ्यांना विचारावी. घर एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला, मध्ये सहा मार्गिका आणि कुंपण. रस्ता खुला झाला तेव्हा माणसं ओलांडणार कुठून, याचं उत्तर अनेक ठिकाणी तयार नव्हतं. लोकांनी कुंपणाला वाटा पाडल्या आणि त्यांना बेशिस्त ठरवण्यात आलं. नंतर पादचारी पुलांची आश्वासनं आली. महामार्गावर पूल हवेतच, तिथं दुसरा इलाज नाही. पण गावातल्या आणि शहरातल्या रस्त्यावर उठसूट स्कायवॉक बांधणं मला पटत नाही. चालकानं नुसता पाय उचलायचा तर ते जाचक, आणि गुडघे धरलेल्या आजीनं दोन मजले चढून दोन मजले उतरायचे ते मात्र सोयीचं! मुंबईतल्या कित्येक स्कायवॉकखालून लोक रस्त्यानंच का जातात, याचं उत्तर यात आहे.

रस्ता माणसांचा विचार करून आखायचा, हे शहाणपण म्हैसूर शहराला नवं नाही. प्लेगनंतर मुंबईपाठोपाठ १९०३ साली इथं नगरसुधारणा न्यास स्थापन झाला. रुंद सरळ रस्ते, चौकात वर्तुळं, झाडांची सावली. बडोद्याच्या महाराजांच्या नावाचा सयाजीराव रस्ता देवराज मार्केटवरून जातो आणि विजयादशमीला जंबोसवारी याच रस्त्यानं बन्नीमंटपाकडे निघते. त्या दिवशी या रस्त्यावर हत्ती आणि माणसं, एवढंच. बाकीचे दिवस तो सगळ्या बाजारपेठांसारखाच. टांग्यांच्या काळातली रुंदी आज मोटारींना मोकळं रान झाली आहे. वर्तुळं तेवढी अजून वेगाला वळसा घालायला लावतात.

सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये अडथळामुक्त पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२मध्ये दाखल केलेली ही याचिका. मोडलेली हाडं जोडणाऱ्या माणसानंच हाडं मोडू नयेत म्हणून कोर्टात जावं, हे आपल्या सार्वजनिक कामाच्या तऱ्हेला साजेसंच झालं. २०२५च्याच ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ)खाली पादचाऱ्यांसाठी नियम करायला राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली.

बेळगोळसारख्या गावाला कोर्टापेक्षा कार्यकारी अभियंता जवळचा. त्याच्या हातात असलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे उंचावलेलं ओलांडस्थळ: रस्ताच पदपथाच्या उंचीला आणायचा, वर पट्टे रंगवायचे, दोन्ही बाजूंना लांब उतार द्यायचा आणि वर दिवा लावायचा. नुसते झेब्रा पट्टे चालकाला विनंती करतात. उंचवटा स्प्रिंगला कळतो. रुग्णवाहिकेचा आक्षेप येतो, पण उतार लांब असला तर ती तीसनं आरामात जाते. उरला वेळेचा प्रश्न. गावठाणातला एक किलोमीटर साठऐवजी चाळीसनं कापला, तर अर्धं मिनिट जास्त लागतं. रस्त्याच्या अंदाजपत्रकात खडी, डांबर, मुरूम यांचा घनमीटरनं हिशेब असतो. ओलांडायच्या जागांची बाब त्यातच वेगळी मांडली, तर ती का वगळली, हे निदान लेखापरीक्षणात कुणाला तरी लिहून द्यावं लागेल.